चार आणि नऊ

गेल्या ऑगस्टपासून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात दोन कागद घडी करून ठेवलेले आहेत. खरं तर ते प्लेसमेंट सेलच्या फाईलला लावायचे होते. मॉक इंटरव्ह्यूची गुणपत्रकं. मुलगा एकच, मुलाखत एकच, रकानाही एकच, 'आत्मविश्वास'. माझ्या कागदावर दहापैकी चार, शेजारी बसलेल्या पाहुण्या परीक्षकांच्या कागदावर नऊ. एखाद-दोन गुणांचा फरक नेहमीच पडतो, चहा पिता पिता सरासरी काढली की मिटतो. चार आणि नऊची सरासरी काढायला मात्र माझा हात धजेना.

झालं होतं ते एवढंच. बाहेर धो धो पाऊस, आत एसी कुणीतरी अठरावर नेऊन ठेवलेला, अर्धवट वाळलेल्या ब्लेझरांचा कुबट वास खोलीभर. एमएमएसच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाची मुलं एकेक करून आत येत होती. जागा होती सिंगापूरच्या जहाज कंपनीतल्या मॅनेजमेंट ट्रेनीची. सरावापुरतीच, जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, आम्हीच लिहिली होती. हा मुलगा उरणकडचा. आला, बसला, फाईल मांडीवर सरळ केली. मी नेहमीचा प्रश्न टाकला, "व्हाय सिंगापूर?" आणि तो गप्प झाला. माझ्याकडेच बघत होता, घाबरलेला वगैरे दिसत नव्हता, पण गप्प. इतका वेळ, की खिडकीवरच्या पत्र्यावर वाजणारा पाऊस मला एकदम ऐकू यायला लागला. घड्याळ काही मी लावलं नव्हतं, पण दहा सेकंद तरी नक्की गेले असतील. मुलाखतीत दहा सेकंद फार असतात. मी रकान्यात चार लिहिले. मग तो बोलला. काय बोलला ते मला आठवत नाही.

कारण तेव्हा मी चार लिहीत होते.

पाहुणे परीक्षक म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. कारखाना जपानी भागीदारीतला, त्यामुळे नागोयाच्या त्यांच्या कितीतरी वाऱ्या झालेल्या. अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. चहाच्या वेळी त्यांचा कागद बघून मी विचारलं, "सर, नऊ?" ते म्हणाले, "त्याने प्रश्न पूर्ण ऐकून घेतला, मॅडम. आधीच्या अकरा जणांचं उत्तर तुमचा प्रश्न संपायच्या आत सुरू झालं होतं." मग बिस्किट चहात बुडवत त्यांनी एक जुनी हकिगत सांगितली. नागोयात दराची बोलणी चालली होती. यांच्या बाजूने आकडा सांगितला गेला आणि समोरची मंडळी गप्प झाली. कुणी कागदाकडे बघतंय, कुणी टेबलाकडे. यांच्यातल्या एकाला ती शांतता सोसवेना आणि त्याने आपण होऊन दर खाली आणला. कुणी मागितलंही नव्हतं. "ते नुसता विचार करत होते हो," सर म्हणाले, "आम्हाला वाटलं नाराज झाले."

त्या संध्याकाळी नेरूळहून ठाण्याच्या गाडीत उभी होते आणि तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं, घणसोली गेलं, तरी डोक्यात तेच. ही मुलं प्रश्न संपायच्या आत बोलायला कुणाकडून शिकली? माझ्याकडून. पहिल्या वर्षी ग्रुप डिस्कशन घेताना पहिला तास मी 'एंट्री' या एकाच गोष्टीवर घालवते. कोण आधी तोंड उघडतो, कोण दुसऱ्याचं वाक्य अलगद उचलून पुढे नेतो, कोण शेवटी समारोप करून जातो. मलाही असंच शिकवलं होतं, नव्वदच्या दशकात, आणि त्यावर मला नोकरी लागली होती. शांतता म्हणजे अज्ञान, हे समीकरण मी इतकी वर्षं कुठलाही हिशेब न करता पुढच्या पिढीच्या हातात ठेवत आले. गावात मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड न घालणारी, पंक्तीत वाढणारा पुढे सरकेपर्यंत घास न उचलणारी मुलं माझ्याकडे येतात आणि सहा महिन्यांत ते सगळं विसरून जातात. मध्यंतरी जपानी व्हिजिटिंग कार्ड कसं घ्यायचं याचा सराव घेतला होता. कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं, बोलणं संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं, पाठच्या खिशात कोंबायचं नाही. एका मुलीने ते ओंजळीत घेतलं आणि सवयीने कपाळाला लावलं. वर्ग हसला. "असं नाही गं," मी म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं. तिने नंतर तासभर मान वर केली नाही.

आशियातल्या नोकऱ्या हा विषय आमच्या पत्रकात अलीकडे आला, पण ठाण्यातल्या चाळींना तो जुना आहे. माझा मामा १९८२ साली मस्कतला गेला. चरईतल्या दोन खोल्यांत निघायच्या आदल्या रात्री स्टोव्हवर बेसन भाजलं जात होतं, कोपऱ्यात नवी सूटकेस उघडी पडली होती आणि आम्ही मुलं तिच्यात बसून विमान चालवत होतो. त्याला कुणी कसली तयारी करून दिली नव्हती. एजंटाच्या कचेरीबाहेर रांगेत उभा राहिला, फोटो दिले, सही केली. अरबी शिकावं लागेल या धास्तीने एक पुस्तक घेऊन गेला आणि रुवीत सहा जणांच्या खोलीत राहून शिकला मात्र मल्याळम, कारण आजूबाजूला सगळे केरळचेच. निळ्या एरोग्रामवर त्याची पत्रं यायची. इथे सर्व ठीक आहे, ऊन फार आहे, आईची काळजी घ्या. दोन वर्षांनी आला तेव्हा टँगचा डबा, निडोचा डबा, गुबगुबीत ब्लँकेट आणि टू-इन-वन. शेजारीपाजारी जमले, काय आणलं ते बघून गेले. पहिले सात महिने पगार अर्धाच हातात पडत होता आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात बंद होता, हे त्याने कितीतरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, तलावपाळीला एका बाकावर बसून मला सांगितलं. मी विचारलं, "मामा, तेव्हा का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "कुणी विचारलं नाही गं. आणि विचारलं असतंत तरी ब्लँकेट बघून सगळे इतके खूश होता."

तो बाक मला वर्गात आठवतो. म्हणून मी मुलांना सगळं सांगते, काही जणांना रुचत नाही तरी. सिंगापूर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर मरीना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे आणि वरची नाव येते. मी फळ्यावर एम्प्लॉयमेंट पासचे, म्हणजे तिथे नोकरी करायच्या परवान्याचे, रकाने काढते. २०२३ च्या सप्टेंबरपासून नव्या अर्जांना 'कंपास' नावाची गुणपद्धत लागू झाली, त्यात ४० गुण मिळवावे लागतात. त्याआधी किमान पगाराचा उंबरठा, २०२५ च्या जानेवारीपासून महिना ५,६०० सिंगापूर डॉलर, वित्तक्षेत्रात ६,२००, वय वाढेल तसा आणखी वर. मग चार मूळ रकाने: पगार, शिक्षण, कंपनीतली राष्ट्रीयत्वांची विविधता, आणि स्थानिकांना दिलेलं काम. प्रत्येकात २०, १० किंवा शून्य. नावाजलेल्या संस्थांच्या यादीत तुमची संस्था असेल तर शिक्षणाचे २०, आमच्या मुलांना १०. विविधतेचा रकाना सगळ्यात बोचरा. अधिकारी आणि व्यावसायिक पदांवरच्या लोकांत भारतीय आधीच २५ टक्के किंवा जास्त असतील, तर नव्या भारतीय उमेदवाराला तिथे शून्य. हे लिहून मी खडू खाली ठेवला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे मॅडम, आपल्या आधी गेलेल्यांमुळे आपले गुण कमी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मग असंही सांगितलं की हे आकडे आधी माहीत असले तर अर्ज कुठे करायचा ते ठरवता येतं. ज्या कंपनीत आपली माणसं ढिगाने आहेत तिथेच सगळे अर्ज करतात, ओळखी तिथेच असतात म्हणून. जिथे भारतीय मोजके आहेत तिथे तोच रकाना २० गुणांचा होऊ शकतो. आणि नकाराचं पत्र आलं तर त्यात स्वतःची लायकी शोधत बसायचं नाही. दोन वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी तसा बसला होता. तीन फेऱ्या उत्तम झाल्या, ऑफर आली, घरात पेढे वाटले गेले आणि पास नाकारला गेला. तो सहा महिने कुणाचा फोन घेत नव्हता. त्याला हे रकाने आधी कुणी दाखवले नव्हते. मीसुद्धा नाही.

एक सहकारी म्हणाले, "एवढं कशाला सांगता, मुलं घाबरतात." घाबरतात, खरं आहे. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर जिन्यात नेहमीचा गलका नव्हता. मलाही घरी जाऊन जेवण गेलं नाही.

शिवाय बहुतेकांचा आशिया समुद्रापलीकडे नसतोच, तो ऐरोलीत असतो. टोकियोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा ऐरोलीत साडेपाच झालेले असतात, सिंगापूरचे नऊ म्हणजे आपले साडेसहा. काचेच्या इमारतींतले 'एपॅक डेस्क', म्हणजे आशिया-पॅसिफिकचं काम बघणारे विभाग, त्या वेळेला उजळतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी कळव्याला राहते, जपानी ग्राहकांचं काम बघते. पहाटे साडेतीनला उठते, चारला कंपनीची गाडी येते, आई तिच्याबरोबर उठून चहा टाकते आणि ती गेली की देवाजवळ दिवा लावून पुन्हा आडवी होते. दुपारी दोनला ही मोकळी. मैत्रिणी कामावर, बाहेर ऊन, झोप येत नाही. "मॅडम, पगार छान आहे, काम छान आहे, पण मी कुठल्याच देशात राहत नाही असं वाटतं," ती म्हणाली होती. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. पण तेव्हापासून वर्गात मी वेळेच्या फरकाचा तक्ता लावते, आणि कुठल्या शिफ्टला कुठली लोकल मिळते तेही त्यात लिहिते.

दुसरी टोकियोत आहे, खरोखरची. बारावीपासून हट्टाने जपानी शिकत होती, आमच्याकडे आली तेव्हाच एन-थ्री, म्हणजे जपानीच्या परीक्षेची मधली पातळी, झालेली, दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या वरची एन-टू झाली. तिच्यामुळे मला कळलं की आमच्या मुलांना ही भाषा वाटते तितकी परकी नाही. तिची मुळाक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेल्या संस्कृत वर्णक्रमाचा तो ठसा. क्रियापद आपल्यासारखं शेवटी. आपण "उकडतंय ना" म्हणतो तसं ते "अत्सुई देसु ने" म्हणतात, तो शेवटचा 'ने' आपल्या 'ना'चाच भाऊ वाटावा असा. छातीची धडधड म्हणजे 'दोकिदोकि', धो धो पाऊस म्हणजे 'झाझा'. आपल्या आज्या जशा लुकलुक, चुळबूळ, भुरभुर असे शब्द पेरत बोलायच्या, तशी ती सगळी भाषा जोडशब्दांनी भरलेली. हे ती सांगायची तेव्हा वर्गातली मुलं पुढे सरकून बसायची. कांजीपाशी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांपाशी, मात्र कसोटी लागते. नित्य वापराच्या कांजींची अधिकृत यादी २,१३६ चिन्हांची आहे, कार्यालयात बसायचं तर त्यांतली हजारेक तरी यावीच लागतात, आणि परीक्षा वर्षातून दोनदाच, जुलैत आणि डिसेंबरात. आमचा भाषेचा वर्ग दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सुरू होतो, तीस तासांचा. तीस तासांत स्वतःचं नाव लिहिता येतं आणि नमस्कार-चमत्कार येतो. भाषा पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली पाहिजे, एक्सेलच्या आधी, असं मी तीन बैठकांत मांडलं आहे. चौथ्यांदाही मांडणार आहे.

ती १ एप्रिलला रुजू झाली, तिथल्या रीतीप्रमाणे नव्या पदवीधरांच्या अख्ख्या तुकडीबरोबर, काळा सूट घालून. पहिल्या महिन्यात तिने फोनवर सांगितलेली एक गोष्ट मी विसरत नाही. बैठकीत साहेब बोलत असताना ही सारखं "हाय, हाय" म्हणायची. हाय म्हणजे हो. समोरचेही तसंच म्हणायचे, म्हणून हिने त्यांची संमती गृहीत धरली आणि काम पुढे रेटलं. संमती नव्हती. ते नुसतं 'ऐकतोय' होतं. "आपल्याकडे आजोबा गोष्ट सांगताना आपण हुं हुं करायचो ना मॅडम, तसं," ती म्हणाली. तिला ते कळायला आजोबांचा हुंकार कामी आला. पण तिची दुसरी बाजूही मी ऐकली आहे. साहेब आठ वाजेपर्यंत बसला की सगळे बसतात, आणि हिला 'मी निघते' म्हणता येत नाही. मोठ्यांपुढे गप्प बसायचं वळण इथेच लागलेलं, तिथे ते आणखी घट्ट झालं. गणपतीत फोन केला तेव्हा एकटीने एकवीस मोदक केले होते. जोशिन्को नावाचं तांदळाचं पीठ मिळतं, त्याची उकड बरी होते म्हणाली. मग बराच वेळ फोनवर दोघीही काही बोललो नाही. त्या शांततेला दहापैकी किती द्यायचे?

म्हणून नऊवरही माझा पुरता विश्वास नाही. गप्प राहणं सगळीकडे गुणाचं असतं असं मला शिकवायचं नाही. दुबईत कुणी तुमच्यासाठी थांबणार नाही, सिंगापूरच्या मुलाखतीत दोन मिनिटांत स्वतःचं म्हणणं मांडावं लागतं. आणि तरी त्या चारने मला दोन महिने स्वस्थ बसू दिलं नाही.

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी तो मुलगा नेरूळ स्टेशनवर भेटला. उरणच्या गाड्या नेरूळहूनही सुटतात, २०२४ च्या जानेवारीत ती लाईन थेट उरणपर्यंत गेल्यापासून त्याचा बसचा त्रास वाचला आहे. पण गाड्या मोजक्या, एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं. तो बाकावर वडापाव खात होता, मला बघून कागद मुठीत दडवत उभा राहिला. मी त्याला बसवलं, शेजारी बसले आणि सरळ विचारलं, त्या दिवशी इतका वेळ कसला विचार करत होतास? तो ओशाळून हसला. "विचार नव्हतो करत, मॅडम. उत्तर लगेच आलं होतं, पण मराठीत. इंग्रजी शब्द शोधत होतो. तुम्ही लिहायला लागलात तेव्हा वाटलं संपलं, मग जे सापडलं ते बोललो."

म्हणजे सरांचे नऊही चुकले होते आणि माझे चारही.

"मराठीत काय आलं होतं?" मी विचारलं. आणि मग तो जे बोलायला लागला, ते कुठेही न अडखळता. त्याचे वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. जमीन आजोबांच्या वेळीच बंदरात गेली. घराच्या गच्चीवरून क्रेन दिसतात, रात्री त्यांचे दिवे. लहानपणी सुट्टीत वडील त्याला केबिनमध्ये बसवून घेऊन जायचे. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही, ते कंटेनरच्या कंपन्या रंगांनी ओळखतात. हिरवा तो तैवानचा एव्हरग्रीन. मग काही वर्षांपूर्वी गुलाबी आले, झगझगीत, ओएनई अशी मोठी अक्षरं. "मी बाबांना म्हटलं, वन लिहिलंय. बाबा म्हणाले, म्हणजे पहिला नंबर असेल." नंतर कॉलेजात त्याने शोधलं, तर तीन जपानी कंपन्यांनी कंटेनरचा धंदा एकत्र करून ती काढलेली, आणि मुख्य कचेरी सिंगापूरला. बंदरातलं एक टर्मिनलसुद्धा सिंगापूरवालेच चालवतात. "बाबा तीन-तीन तास गेटवर रांगेत थांबतात, मॅडम. कुठला डबा कधी हलवायचा ते कुणीतरी कुठेतरी बसून ठरवत असणार ना. तो सगळा हिशेब जिथे बसून करतात ती खोली मला बघायची आहे. तिथे बसून मला बाबांची रांग दिसते का ते बघायचंय."

फलाटावर घोषणा चालू होती. समोरून पनवेलची गाडी गेली, भजीच्या तेलाचा वास आला. माझ्या पर्समध्ये ते दोन कागद होते, पण मी ते काढले नाहीत. "हेच सांग," मी म्हटलं, "अगदी असंच, इंग्रजीत." त्याने मान डोलावली, वडापावचा कागद बाजूला ठेवला, हात पुसले आणि सावकाश सुरुवात केली. फ्रॉम अवर टेरेस. क्रेन्स. माय फादर नोज देम बाय कलर. ठीक चाललं होतं. मग 'हिशेब'पाशी आला आणि थांबला. "हिशेबला काय म्हणू, मॅडम? अकाउंट नाही ना होणार? तो पैशांचा झाला."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्लॅनिंग म्हणावं तर त्यात तो डब्यांचा मागोवा येत नाही. कॅल्क्युलेशन म्हणावं तर त्यात गेटवरची माणसं येत नाहीत. तो माझ्याकडे बघत थांबला होता, घाई न करता. लांबून उरणच्या गाडीचा दिवा दिसायला लागला आणि आम्ही दोघंही तो शब्द शोधत होतो.